बाष्पदाब आणि उत्कलनांक: साध्या साहित्यात प्रयोग कसे शिकवावेत

पाणी किती तापमानाला उकळते असे विचारले, तर वर्गातले बहुतेक विद्यार्थी क्षणाचाही विचार न करता १०० अंश सेल्सिअस असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. त्यातून असा समज पक्का होतो की १०० ही संख्या पाण्याच्या अंगभूत गुणधर्मातून येते आणि बाहेरच्या हवेचा तिच्याशी काहीही संबंध नाही. पुढे बाष्पदाबाची, म्हणजे बंद जागेत द्रवाशी समतोल साधलेल्या वाफेच्या दाबाची, व्याख्या शिकवली जाते, विद्यार्थी ती पाठ करतात, आणि दोन्ही गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत पडून राहतात. हा प्रकार टाळायचा असेल, तर प्रयोगांचा क्रम बदलावा लागतो. आधी उकळणे आणि मग बाष्पदाब असे शिकवण्याऐवजी, द्रवाची वाफ दाब देते ही गोष्ट आधी डोळ्यांना दाखवावी, मग तो दाब मोजावा, आणि त्या मोजमापावरून उत्कलनांक काढून शेवटी तो प्रत्यक्ष ताडून पाहावा. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने दिले आहे. नव्याने प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शिक्षकाला झेपेल एवढेच साहित्य त्यात गृहीत धरले आहे.

सुरुवातीची तयारी

पहिले काम तापमापी तपासण्याचे आहे. शाळेतील तापमाप्यांमध्ये एक-दोन अंशांचा फरक सहज आढळतो, आणि या विषयात एवढा फरकही निष्कर्ष बिघडवतो. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी यांचे दाट मिश्रण करून त्यात तापमापी पाच मिनिटे ठेवावी. शून्याऐवजी जे वाचन येईल, ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून तापमापीला चिकटवावे. पाऱ्याच्या तापमाप्या विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नयेत. रंगीत अल्कोहोलच्या किंवा डिजिटल तापमाप्या पुरेशा आहेत.

दुसरे काम त्या दिवसाचा हवेचा दाब जाणून घेण्याचे. येथे नवखे शिक्षक एका ठिकाणी हमखास अडकतात. हवामानाच्या बातम्यांत दिलेला दाब बहुधा समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो आणि तो आपल्या प्रयोगशाळेतला प्रत्यक्ष दाब नसतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर प्रत्यक्ष दाब ९४ किलोपास्कलच्या आसपास असतो आणि तेथे पाणी ९८ अंशांना उकळते. शाळेत दाबमापी असेल तर उत्तमच; नसेल तर अनेक मोबाइल फोनमध्ये दाबाचा संवेदक असतो आणि त्याचे वाचन या कामाला पुरेसे अचूक असते. तेही नसेल, तर ठिकाणाच्या उंचीवरून दाबाचा अंदाज काढावा.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. एथेनॉलची वाफ सुमारे १३ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी तयार होते, आणि ॲसिटोनच्या बाबतीत हे तापमान शून्याच्याही बरेच खाली आहे. म्हणून हे द्रव वापरताना खोलीत कोठेही बर्नर किंवा स्पिरिटचा दिवा पेटलेला नसावा. त्यांना उष्णता द्यायची असेल, तर पाणी दुसरीकडे तापवून आणावे किंवा विजेची शेगडी वापरावी. ईथर शालेय पातळीवर वापरूच नये. काचपात्रांना तडा किंवा ओरखडा आहे का, हे प्रत्येक वेळी उजेडासमोर धरून पाहावे, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा शिक्षकासह सर्वांनी घालावा.

वाफेचा दाब दिसेल अशी मांडणी

२५० मिलिलीटरचे एक पूर्ण कोरडे शंकुपात्र, दोन छिद्रांचे रबरी बूच, सुमारे अडीच मीटर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी आणि एक सिरिंज एवढे साहित्य घ्यावे. नळी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात वाकवून एका उभ्या फळीवर बांधावी आणि तिच्यात रंगीत पाणी भरावे. तिचे एक टोक बुचातल्या छिद्रातून पात्राला जोडावे. दुसरे टोक हवेत उघडे ठेवावे आणि ती बाजू वर-खाली करता येईल अशी सैल राखावी. बुचाच्या दुसऱ्या छिद्रात आखूड नळीच्या साहाय्याने सिरिंज घट्ट बसवावी. सिरिंज लावताना यू नळीतील दोन्ही पातळ्या बिघडल्या, तर क्षणभर बूच सैल करून त्या पुन्हा समान कराव्यात.

द्रव आत सोडण्यापूर्वी दोन चाचण्या कराव्यात. पहिली गळतीची: उघडी बाजू वर उचलून दोन पातळ्यांत फरक निर्माण करावा आणि तो तीन मिनिटे टिकतो का ते पाहावे. दुसरी चाचणी त्याहून महत्त्वाची आहे. सिरिंजमधून केवळ १ मिलिलीटर हवा आत ढकलावी. पात्रातील हवा सुमारे ३०० मिलिलीटर असेल, तर दाब जवळपास ३ सेंटिमीटर पाण्याइतका वाढतो. हा वाढलेला दाब बाष्पदाब नसून निव्वळ जागा व्यापल्यामुळे हवा दाबली गेल्याचा परिणाम आहे. त्याची नोंद ठेवली, तर पुढे द्रव सोडल्यावर त्याच्या आकारमानामुळे झालेली वाढ वजा करता येते. चाणाक्ष विद्यार्थी ‘द्रवानेच जागा अडवली म्हणून दाब वाढला असेल’ अशी शंका काढतात. ती योग्य शंका आहे, आणि तिचे उत्तर तयार असलेले बरे.

आता बूच उघडून पात्रातील दाब पुन्हा बाहेरच्या हवेइतका होऊ द्यावा, बूच घट्ट लावावे आणि १ मिलिलीटर एथेनॉल आत सोडावे. पात्राला हात लावू नये. आतील हवा केवळ १ अंशाने तापली तरी दाब सुमारे ३.५ सेंटिमीटर पाण्याइतका वाढतो, आणि तळहाताच्या उबेने तेवढे सहज घडते. ते टाळण्यासाठी पात्र खोलीच्या तापमानाच्या पाण्यात बुडवून ठेवणे सर्वांत चांगले. काही क्षणांतच रंगीत पाणी उघड्या बाजूने चढू लागते. पहिल्या अर्ध्या मिनिटात भराभर, नंतर सावकाश, आणि काही मिनिटांनी ते थांबते. ते थांबणे विद्यार्थ्यांना नीट पाहू द्यावे. पात्रात द्रव शिल्लक असूनही दाब वाढायचा थांबला आहे. द्रवातून रेणू बाहेर पडण्याचा आणि परत द्रवात येण्याचा दर आता सारखा झाला आहे, हे सांगण्याची योग्य वेळ हीच.

वाचन घेताना एक काळजी घ्यावी. पाणी पुढे ढकलले गेल्याने पात्रातील हवेला थोडी जास्त जागा मिळालेली असते, आणि त्यामुळे दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. नळीची उघडी बाजू हळूहळू वर उचलून पात्राकडील पातळी मूळ खुणेवर आणावी आणि मगच दोन पातळ्यांतील फरक मोजावा. १ किलोपास्कल म्हणजे सुमारे १०.२ सेंटिमीटर पाणी. एथेनॉलचा बाष्पदाब २० अंशांना ५.९ किलोपास्कल आहे, म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटरचा फरक मिळायला हवा. २५ अंशांना तो ८० सेंटिमीटरच्या घरात जातो. यावरून उघड्या बाजूला किती लांब नळी ठेवायची ते ठरवावे. याच मांडणीत ॲसिटोन टाकण्याचा मोह टाळावा, कारण त्याचा २० अंशांचा बाष्पदाब २४.६ किलोपास्कल, म्हणजे अडीच मीटर पाण्याइतका आहे; रंगीत पाणी नळीबाहेर उडून जाईल. बाटलीतले मिश्र स्पिरिट वापरले तर दाब वाढताना दिसेल, पण त्यात मेथेनॉल असल्याने मिळालेली संख्या शुद्ध एथेनॉलच्या संख्येशी जुळणार नाही.

यानंतर हाच प्रयोग २ मिलिलीटर एथेनॉल घेऊन करावा. जागा व्यापल्याची वजाबाकी केल्यावर अंतिम दाब पहिल्याइतकाच येतो. द्रव दुप्पट घेतल्यावर दाबही दुप्पट होईल असे वर्गातल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना वाटत असते, म्हणून द्रव सोडण्यापूर्वी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्यावा. वास्तविक ३०० मिलिलीटर जागा वाफेने संपृक्त करायला एथेनॉलचे एक-दोन थेंबच पुरतात, बाकीचा द्रव नुसता तळाशी राहतो. पाण्याने हाच प्रयोग करून पाहायचा असेल, तर २० अंशांना २.३ किलोपास्कल, म्हणजे २४ सेंटिमीटर फरक अपेक्षित आहे, मात्र आतील हवा कोरडी असेल तरच. खोलीतल्या हवेत आधीच बाष्प असते. सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल तर उरलेल्या ४० टक्क्यांचीच भर पडते आणि फरक जेमतेम ९ ते १० सेंटिमीटर दिसतो. दमट दिवशी प्रयोग ‘फसला’ असे वाटते ते यामुळे. अशा दिवशी हा प्रयोग फसलेला समजू नये, उलट त्याच्या आधारे आर्द्रतेचा धडा शिकवावा.

सिरिंजमधले उकळणे

बाष्पदाब ही संकल्पना रुजली की उकळण्याकडे वळावे. सुई नसलेली २० मिलिलीटरची प्लॅस्टिकची सिरिंज घ्यावी. पाणी आधी पाच मिनिटे उकळून त्यातील विरघळलेली हवा घालवावी आणि ते ६० ते ६५ अंशांपर्यंत निवू द्यावे. त्यातील ५ मिलिलीटर पाणी सिरिंजमध्ये ओढावे, टोक वर करून आतील हवेचा शेवटचा बुडबुडाही काढून टाकावा आणि टोकावर घट्ट टोपण किंवा छिद्र नसलेले छोटे रबरी बूच दाबून धरावे. हातमोजे घालावेत, कारण ६० अंशांचे पाणी त्वचेला भाजते. आता दट्ट्या मागे खेचावा. पाण्यात सर्वत्र बुडबुडे उठतात आणि ते खळखळून उकळू लागते.

द्रवाचा बाष्पदाब त्याच्यावरील दाबाइतका झाला की तो उकळतो. ६० अंशांना पाण्याचा बाष्पदाब १९.९ किलोपास्कल असतो. म्हणजे सिरिंजमधील दाब वातावरणाच्या एक-पंचमांशाइतका खाली आणल्याशिवाय पाणी उकळणार नाही. एवढ्या आकाराच्या सिरिंजमध्ये त्यासाठी सुमारे अडीच किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. ६० मिलिलीटरच्या सिरिंजला त्याच्या जवळजवळ दुप्पट जोर लागतो, म्हणून लहान विद्यार्थ्यांसाठी मोठी सिरिंज निवडू नये.

या प्रयोगातील खरी परीक्षा दट्ट्या सोडल्यावर होते. बुडबुडे वाफेचे असतील तर दाब वाढताच ते पूर्णपणे नाहीसे होतात. ते हवेचे असतील तर लहान होतात, पण एक बुडबुडा टोकाजवळ शिल्लक राहतो. उकळत्या पाण्यातले बुडबुडे हवेचे असतात, किंवा पाण्याचे विघटन होऊन निघालेल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे असतात, हे दोन्ही गैरसमज विद्यार्थ्यांत फार खोलवर असतात. त्यांवर व्याख्यानापेक्षा हा शिल्लक न राहणारा बुडबुडा अधिक परिणामकारक ठरतो. तुलनेसाठी आधी न उकळलेल्या पाण्यानेही प्रयोग करून दाखवावा. तेथे बुडबुडा उरतो आणि दोहोंतील भेद विद्यार्थी स्वतःच सांगतात.

थंड पाणी ओतून उकळणे

हा प्रयोग शिक्षकानेच करून दाखवायचा आहे. त्यासाठी जाड काचेचा, गोल बुडाचाच चंबू हवा. सपाट बुडाचे पात्र किंवा शंकुपात्र बाहेरच्या दाबाने आत फुटू शकते, म्हणून ते येथे कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. चंबू निम्मा पाण्याने भरून, त्यात सच्छिद्र खडे टाकून, चार-पाच मिनिटे जोरात उकळावा, म्हणजे वाफेबरोबर आतील हवा बाहेर निघून जाते. त्यानंतर आधी ज्योत बंद करावी, उकळणे थांबू द्यावे आणि मगच तापमापी बसवलेले बूच घट्ट लावावे. हा क्रम उलटा झाल्यास, म्हणजे बूच लावलेला चंबू तापवला गेल्यास, स्फोटाचा धोका असतो.

चंबू उलटा करून स्टँडच्या कड्यात बसवावा आणि त्याच्या वर आलेल्या बुडावर गार पाण्यात भिजवलेला कपडा ठेवावा. आतील वाफेचे संघनन होते, दाब घटतो आणि पाणी पुन्हा उकळू लागते. आता त्याच ठिकाणी गरम पाणी ओतले, तर उकळणे थांबते. गार केल्यावर उकळते आणि तापवल्यावर थांबते, हे पाहून वर्ग थक्क होतो. पण त्या आश्चर्यावरच तास संपवू नये. तापमापी ६० अंश दाखवत असताना पाणी उकळते आहे, तर आतला दाब किती असेल, हा प्रश्न विचारावा. पाणी उकळत आहे याचाच अर्थ आतील दाब त्या तापमानाच्या बाष्पदाबाएवढा, म्हणजे सुमारे २० किलोपास्कल आहे. एरवी तापमानावरून उकळणे समजते, तर येथे उकळण्यावरून दाब समजला.

उलट्या मोजपात्राने बाष्पदाब मोजणे

आतापर्यंतचे प्रयोग मुख्यतः दाखवण्याचे होते. हा प्रयोग विद्यार्थ्यांनी गटागटाने करायचा आहे, आणि माझ्या मते संपूर्ण विषयात सर्वांत जास्त शिकवणारा हाच आहे. त्यासाठी १० मिलिलीटरचे काचेचे मोजपात्र, ते पूर्ण बुडेल एवढे १ लीटरचे उंच चंचुपात्र, तापमापी, ढवळणी आणि बर्फ लागतो.

प्रथम मोजपात्रात सुमारे ६ मिलिलीटर पाणी घ्यावे, त्याच्या तोंडावर बोट ठेवून ते पाण्याने भरलेल्या चंचुपात्रात उलटे करावे आणि बोट काढावे. मोजपात्राच्या बंद टोकाशी साधारण ४ मिलिलीटर हवा अडकलेली राहते. ती यापेक्षा जास्त घेऊ नये. ८० अंशांना हवा आणि वाफ मिळून आकारमान दुपटीहून अधिक होते आणि वायू खुणांच्या पलीकडे जातो. चंचुपात्रातील पाणी मोजपात्राच्या वर येईल एवढे असावे आणि तापमापीचा फुगा अडकलेल्या हवेच्या उंचीवर ठेवावा.

त्यानंतर पाणी ८० अंशांपर्यंत तापवून उष्णता बंद करावी. वाचने तापवताना घेऊ नयेत, निवताना घ्यावीत. याला दोन कारणे आहेत. निवताना तापमान हळू बदलते, त्यामुळे आतील वायू आणि बाहेरील पाणी एकाच तापमानाला असतात. शिवाय तापवताना पाण्यात विरघळलेली हवा सुटी होऊन मोजपात्रात शिरते. ही भर ८० अंशांपर्यंत बहुतांशी पडून गेलेली असते, त्यामुळे त्यापुढील वाचनांत अडकलेल्या हवेचे प्रमाण जवळपास स्थिर राहते. ८० पासून ५० अंशांपर्यंत दर ५ अंशांना, प्रत्येक वेळी नीट ढवळून, आकारमान आणि तापमान नोंदवावे. त्यानंतर बर्फ टाकून पाणी ५ अंशांच्या खाली आणावे आणि शेवटचे वाचन घ्यावे.

मोजपात्राच्या खुणा ते सरळ उभे असताना पाण्याच्या खोलगट पृष्ठभागासाठी आखलेल्या असतात. उलट्या स्थितीत ही वक्रता विरुद्ध बाजूने मोजली जाते, म्हणून १० मिलिलीटरच्या मोजपात्रासाठी प्रत्येक वाचनातून ०.२ मिलिलीटर वजा करण्याची पद्धत आहे. वाचताना डोळा पातळीच्या रेषेत असावा आणि दोन खुणांमधला भागही अंदाजाने लिहावा.

आकडेमोडीमागचा विचार असा. ५ अंशांखाली पाण्याचा बाष्पदाब इतका कमी असतो की तेथे अडकलेला वायू म्हणजे जवळजवळ केवळ हवा असे मानता येते. ही हवा पुढे कोणत्याही तापमानाला तेवढीच राहते, म्हणून त्या तापमानाला एकट्या हवेचा दाब किती असेल ते वायुनियमांवरून काढता येते. मोजपात्रातील एकूण दाब वातावरणाइतका आहे, आणि डाल्टनच्या आंशिक दाबांच्या नियमानुसार तो हवा आणि वाफ यांच्या दाबांची बेरीज आहे. त्यातून हवेचा दाब वजा केला की उरतो तो बाष्पदाब.

एक उदाहरण सोडवून पाहू. हवेचा दाब १०१.३ किलोपास्कल, ४ अंशांना, म्हणजे २७७ केल्विनला, दुरुस्त आकारमान ४.० मिलिलीटर, आणि ६० अंशांना, म्हणजे ३३३ केल्विनला, ५.९ मिलिलीटर आहे असे समजा. ६० अंशांना हवेचा दाब १०१.३ गुणिले ४.० भागिले ५.९ गुणिले ३३३ भागिले २७७, म्हणजे ८२.६ किलोपास्कल येतो. म्हणून बाष्पदाब १०१.३ वजा ८२.६, म्हणजे १८.७ किलोपास्कल. प्रमाणित मूल्य १९.९ आहे.

हा फरक ‘प्रायोगिक चूक’ या दोन शब्दांत गुंडाळू नये. त्याची कारणे शोधता येतात आणि मोजताही येतात. आकारमान ५.९ ऐवजी ६.० वाचले असते, तर उत्तर २०.१ आले असते. एका खुणेच्या अर्ध्या भागाने उत्तर एवढे सरकते. ४ अंशांचा बाष्पदाब शून्य मानला, पण तो ०.८ किलोपास्कल असतो. तो विचारात घेतला तर १८.७ चे १९.४ होतात. चंचुपात्रातील पाण्याचा पृष्ठभाग मोजपात्रातील पातळीपेक्षा ५ सेंटिमीटर वर असेल, तर आतील एकूण दाब वातावरणापेक्षा सुमारे अर्धा किलोपास्कल जास्त असतो. विद्यार्थ्यांनी यांतील एक तरी दुरुस्ती स्वतः करून उत्तर कोणत्या दिशेने सरकते ते पाहावे. पडताळ्यासाठी पाण्याच्या बाष्पदाबाची मूल्ये अशी: ५० अंशांना १२.३, ६० ला १९.९, ७० ला ३१.२, ८० ला ४७.४, ९० ला ७०.१ आणि १०० ला १०१.३ किलोपास्कल.

आलेखावरून उत्कलनांक

मिळालेले बाष्पदाब तापमानासमोर मांडले की वर वर उभी होत जाणारी वक्ररेषा मिळते. माध्यमिक वर्गांसाठी एवढे पुरे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी बाष्पदाबाचा नैसर्गिक लॉगरिथम घेऊन तो केल्विन तापमानाच्या व्यस्तासमोर मांडावा. क्लॉशियस आणि क्लॅपेरॉन यांच्या समीकरणानुसार येथे सरळ रेषा येते. रेषेचा उतार ऋण असतो, आणि त्याच्या परिमाणाला वायुस्थिरांक ८.३१४ ने गुणले की बाष्पनाची मोलर उष्णता, म्हणजे एक मोल द्रवाची वाफ करायला लागणारी उष्णता, मिळते. ५० आणि ८० अंशांची प्रमाणित मूल्ये घेतली, तर ती मोलमागे ४२.५ किलोजूल येते.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. हीच सरळ रेषा पुढे वाढवावी आणि ती त्या दिवशीच्या हवेच्या दाबाला कोणत्या तापमानाला पोहोचते ते वाचावे. प्रमाणित मूल्यांवरून काढल्यास १०१.३ किलोपास्कलसाठी ९९.५ अंश मिळतात. विद्यार्थ्यांच्या मोजमापांतून काही अंश इकडे-तिकडे होतील. पाणी ८० अंशांच्या वर न नेता त्याचा उत्कलनांक काढला गेला आहे. हे भाकीत फळ्यावर लिहून ठेवावे आणि पुढच्या तासाला पाणी खरोखर उकळावे.

प्रत्यक्ष उत्कलनांक मोजणे

पाणी उकळताना तापमापी तळाला टेकू देऊ नये, आणि पाण्यात काही विरघळलेले असण्याची शक्यता असेल तर तिचा फुगा पाण्याच्या किंचित वर, वाफेत ठेवावा. सच्छिद्र खडे थंड पाण्यातच टाकावेत. तापलेल्या द्रवात टाकल्यास तो एकदम उसळून अंगावर येतो. ४०-५० अंशांनंतर दिसणारे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात, त्यांना उकळणे समजून नोंद करू नये. पाणी खळखळू लागल्यावर दर अर्ध्या मिनिटाने पाच मिनिटे तापमान लिहावे. ज्योत मोठी केली तरी ते स्थिर राहते. अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये तापमापनाची श्रेणी मांडताना हवेच्या दाबाबरोबर उत्कलनांक बदलतो याची दखल घेतली होती, हे येथे आवर्जून सांगावे. १०० अंशांच्या आसपास दाब १ किलोपास्कलने बदलला तर उत्कलनांक सुमारे ०.२८ अंशाने बदलतो. मीठ टाकून उत्कलनांक वाढवण्याचा प्रयोग करायचा असेल, तर १ किलोग्रॅम पाण्याला ५८ ग्रॅम मीठ घेतल्यावर जेमतेम १ अंश वाढ मिळते. चमचाभर मिठाने साध्या तापमापीवर काहीच दिसणार नाही.

द्रव थोडाच असेल, तर सिवोलोबॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी केशनलिकेची, म्हणजे केसासारख्या बारीक नळीची, पद्धत वापरावी. लहान परीक्षानळीत एथेनॉलचे १० ते १५ थेंब घ्यावेत. एक टोक वितळवून बंद केलेली केशनलिका, उघडे टोक खाली करून, त्यात उभी सोडावी. टोक बंद करण्याचे काम द्रव बाटलीतून काढण्यापूर्वीच, वेगळ्या जागी उरकलेले असावे. परीक्षानळी रबरी कड्याने तापमापीला बांधावी आणि दोन्ही विजेच्या शेगडीवरील पाण्यात सोडाव्यात. तापमान मिनिटाला दोन-तीन अंशांहून वेगाने वाढू देऊ नये. सुरुवातीला केशनलिकेच्या तोंडातून एखाददुसरा बुडबुडा निघतो. ती प्रसरण पावणारी हवा असते. नंतर बुडबुड्यांची अखंड माळ सुटू लागते आणि तिच्याबरोबर उरलीसुरली हवाही निघून जाते. येथे शेगडी बंद करावी. माळ विरळ होते, शेवटचा बुडबुडा तोंडाशी घुटमळतो, आणि द्रव केशनलिकेत वर शिरू लागतो. त्या क्षणीचे तापमान हाच उत्कलनांक.

बुडबुड्यांच्या माळेचे तापमान का घ्यायचे नाही, असा प्रश्न येतो. माळ सुटत असताना आतील वाफेचा दाब बाहेरच्यापेक्षा अधिक असतो, आणि द्रव आत शिरतो तेव्हा तो कमी झालेला असतो. या दोहोंच्या सीमेवर ते समान असतात, आणि उत्कलनांकाची व्याख्या तीच आहे. समुद्रसपाटीला एथेनॉलसाठी ७८.३ आणि ॲसिटोनसाठी ५६ अंशांच्या आसपास वाचन मिळावे; उंचावरच्या ठिकाणी ते कमी येईल. प्रत्येक पुनरावृत्तीसाठी नवी केशनलिका घ्यावी, कारण एकदा द्रव शिरलेल्या केशनलिकेत पुरेशी हवा उरत नाही आणि बुडबुडे सुटतच नाहीत.

समज तपासण्यासाठी

व्याख्या विचारण्याऐवजी परिस्थिती द्यावी. एका बंद पात्रात निम्मे पाणी आणि निम्मी हवा आहे. ते १०० अंशांपर्यंत तापवले तर पाणी उकळेल का? पुष्कळ विद्यार्थी ‘हो’ म्हणतात. आत अडकलेली हवा आणि साठत जाणारी वाफ यांचा एकत्रित दाब पाण्याच्या बाष्पदाबापेक्षा नेहमीच जास्त राहतो, म्हणून ते उकळणार नाही, हे उत्तर ज्याने उलट्या मोजपात्राची वजाबाकी समजून केली आहे त्याला सापडते. दुसरा प्रश्न आलेखावरचा असावा: ७० अंशांना उकळणाऱ्या पाण्याच्या पृष्ठभागावर किती दाब आहे? तिसऱ्या प्रश्नात प्रेशर कुकर आणावा आणि आतील एकूण दाब वातावरणाच्या दुप्पट असताना पाणी साधारण किती अंशांना उकळेल, ते विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या सरळ रेषेवरून सांगायला लावावे. उत्तर १२० अंशांच्या आसपास आले, तर ५० ते ८० अंशांमधली त्यांची वाचने चांगली होती असे समजावे. ते १० अंशांनी चुकले असेल, तर त्या गटाला आलेखाकडे परत पाठवून कोणता बिंदू रेषेला ओढतो आहे ते शोधू द्यावे.